हात जेमतेम आत गेला होता

माझं इंग्रजी चांगलं आहे हे मी शाळेपासून ऐकत आले, आणि ते ऐकायला मला फार आवडतं. निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत कुणाच्या मुलाचा व्हिसाचा अर्ज असो, कुणाला बिल्डरला कडक पत्र पाठवायचं असो, कागद फिरत फिरत माझ्याकडेच यायचा. बडोद्याच्या काही मराठी घरांत दरबारी नोकरीचा जुना ताठा अजून शिल्लक असतो. आमच्याकडे तो इंग्रजीच्या रूपाने उरला होता. चुकीचं इंग्रजी दिसलं की माझं डोकं फिरतं. दुकानांच्या पाट्या मी मनातल्या मनात दुरुस्त करत चालते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जे केलं ते पोटासाठी केलं असं कुणाला वाटायला नको. नवऱ्याला पेन्शन होती, मुलगी लग्न होऊन गेली होती, माझ्या पगारावाचून घरात काही अडत नव्हतं. मला कौतुक हवं होतं, एवढंच.

पन्नाशी ओलांडल्यावर मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मला काम मिळालं. पत्र्याचे सुटे भाग प्रेसवर ठोकून तयार करायचे आणि परदेशात पाठवायचे, असा तो कारखाना. परदेशातल्या ग्राहकाची एक अट होती. झालेला अपघात तर लिहायचाच, पण होता होता टळलेलाही लिहायचा, त्याच दिवशी, इंग्रजीत. कामगार गुजराती, हिंदी, मराठी बोलणारे. म्हणून सेफ्टी विभागात एक टेबल टाकून त्यांनी मला बसवलं. कामगाराने येऊन आपल्या भाषेत सांगायचं, मी इंग्रजीत फॉर्म भरायचा, त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, आणि मग त्याने सही करायची. वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, हा नियम फॉर्मवरच छापलेला होता.

फॉर्मला रंग दिले जायचे. धोका मोठा असेल तर लाल, म्हणजे मशीन तिथल्या तिथे बंद, आणि दुरुस्त होईपर्यंत हात लावायचा नाही. धोका किरकोळ असेल तर हिरवा, म्हणजे सवडीने पाहू. रंग आमचे सेफ्टीचे साहेब ठरवायचे, माझं वाक्य वाचून. साहेब गुजराती, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी मला कधीही खोटं लिहायला सांगितलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

पहिल्याच आठवड्यात एका लोडरच्या पायावर मालाची ट्रॉली आली. मी सरळ लिहिलं, ट्रॉली पायावर आदळली. साहेबांनी फॉर्म परत आणून ठेवला आणि क्रियापदाभोवती पेन्सिलीने एक गोल काढला. म्हणाले, "बेन, खोटुं नथी लखवानुं. पण आटलुं जोरथी पण नथी लखवानुं." खोटं लिहायचं नाही, पण इतक्या जोरातही लिहायचं नाही. मी क्षणभर विचार केला आणि 'आदळली' काढून 'बेअरली टच्ड' लिहिलं. जेमतेम स्पर्श झाला. साहेबांचा चेहरा उजळला. फॉर्म हिरवा झाला.

त्या दिवशी बसने घरी येताना मी खूश होते. खोटं बोलायला लागणार नाही आणि काम तर होईल, अशी एक जागा मला भाषेत सापडली होती. ओन्ली, जस्ट, बेअरली, हार्डली, मिअरली. हे शब्द मला आधीपासून माहीत होते, सोसायटीतल्या मुलांना वर्षानुवर्षं शिकवत होते. आता मी त्यांच्याकडे नव्याने पाहू लागले. इंग्रजीत हे शब्द बहुतेक वेळा क्रियापदाच्या उंबऱ्यावर बसतात, घराच्या दारात बसलेल्या सासऱ्यासारखे. आत येणाऱ्याला आधी त्यांच्यासमोर मान खाली घालावी लागते. 'हॅड एंटर्ड' म्हटलं तर हात आत गेला. मध्ये 'बेअरली' घुसवला की गेलाही आणि गेलाही नाही. मराठीत आपण 'नुसतं लागलं' म्हणतो तेव्हा समोरच्याला आपला चेहरा दिसतो, किती लागलंय ते त्याला कळतं. कागदाला चेहरा नसतो.

प्रत्येक क्रियापद हे लाड करून घेत नाही, हेही मी शोधून काढलं. टच, एंटर, मूव्ह, नोटिस ही गुणी क्रियापदं, त्यांच्यापुढे 'बेअरली' आणि 'हार्डली' छान बसतात. 'ब्रोक'पुढे बसत नाहीत, मोडलं ते मोडलंच. मग मोडलेल्या वस्तूबद्दल लिहायचं झालं तर क्रियापदच बदलायचं. ती 'शिफ्ट' झाली म्हणायचं, आणि त्याआधी 'ओन्ली' लावायचा. मी याचा एक तक्ता केला. डावीकडे क्रियापदं, उजवीकडे त्यांच्याशी जमणारे शब्द, छान रेघा आखून, दोन रंगांत. साहेबांनी तो लॅमिनेट करून माझ्या टेबलामागच्या भिंतीवर लावला. शनिवारी दुपारी मी सुपरवायझर लोकांचा तासही घेऊ लागले. ते वर्गात चहा पीत बसायचे आणि एकमेकांची टिंगल करायचे. "बेन, आजे मारी बायडी हार्डली बोली," असं एकजण म्हणाला तेव्हा सगळे खो खो हसले आणि मीही हसले. वाक्य बरोबर होतं.

परदेशातून पाहणीला आलेल्या बाईंनी माझे फॉर्म वाचले आणि विचारलं, हे इतकं सुरेख कोण लिहितं? साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. पुढचा महिनाभर मी ते घरी सांगत होते. शेवटी नवरा म्हणाला, आता पुरे.

प्रेसवर काम करणारे एक मराठी गृहस्थ होते. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला ताई. शहरातल्या वाडी भागात राहायचे, तिथून चालत येऊन कंपनीची बस पकडायचे, आणि जागा असली तर माझ्या पुढच्या सीटवर बसायचे. त्यांचे वडील वाडीत भांड्यांवर नावं घालायचे. भाऊही रविवारी घराच्या ओट्यावर बसून तेच काम करायचे. माझ्या डब्यावर त्यांनी मला न विचारता माझं नाव घालून दिलं होतं, इतकं सुबक की मी डबा धुताना त्याच्यावर बोट फिरवायचे. बोलणं बडोद्याचं, अर्धं गुजराती मिसळलेलं. मी त्यांना चिडवायचे, "भाऊ, तुमचं मराठी बगडलंय." ते म्हणायचे, "ताई, समजतं ना? मग वांधा नाही."

एका सकाळी ते आमच्या वरच्या केबिनमध्ये आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "ताई, प्रेस डबल मारते."

मला कळलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. बटण एकदा दाबलं की प्रेसचा वरचा ठोकळा एकदा खाली येऊन थांबायला हवा. मग माणूस आत हात घालून तयार भाग काढतो. त्यांची प्रेस कधीमधी थांबत नव्हती. ती आपण होऊन पुन्हा खाली येत होती, नेमकी हात घालायच्या वेळेला.

"तुमचा हात कुठे होता?" मी विचारलं.

"आत. पूर्ण आत, ताई. मनगटापर्यंत. आवाज वेगळा आला म्हणून ओढला, नाहीतर गेलाच होता."

मी टाइप केलं. ऑपरेटरचा हात प्रेसमध्ये जेमतेम शिरला होता, हॅड बेअरली एंटर्ड, तेवढ्यात प्रेसने एक जादा फेरी घेतली. वाक्य डौलदार होतं. मग वाचून दाखवायची वेळ आली. मी कागदाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला ते मराठीत म्हणता येईना. ज्या माणसाने आत्ताच मनगटापर्यंत असं स्वतःच्या मनगटाला हात लावून दाखवलं, त्याला 'तुमचा हात जेमतेम आत होता' कसं सांगायचं? म्हणून मी कागदावर नजर ठेवली आणि त्यांचेच शब्द त्यांना परत म्हणून दाखवले. "हात मनगटापर्यंत आत होता. प्रेस आपोआप दुसऱ्यांदा खाली आली. मी हात ओढला. बरोबर?"

"बरोबर," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. खरंच वाटलं नाही. कागदावरचं त्यांच्या सोयीसाठी नव्हतं, साहेबांच्या सोयीसाठी होतं, आणि बोलण्यातलं त्यांच्यासाठी होतं. दोघांनाही हवं ते मिळालं, असं मी समजले. फॉर्म हिरवा झाला. मेंटेनन्सचा माणूस चार दिवसांनी येऊन प्रेसला तेल घालून गेला.

दुसऱ्यांदा ते आले तेव्हा मी 'ओन्ली' वापरला. प्रेस फक्त एकदाच डबल झाली. त्यांना वाचून दाखवताना पुन्हा त्यांचेच शब्द. सही. हिरवा.

तिसऱ्यांदा ते आले ते तापलेले होते. खुर्चीवर बसले नाहीत. "ताई, हे कागद कुणी वाचतं का?"

"वाचतात तर."

"मग मशीन का बंद करत नाहीत? मी घरून निघताना बायकोला काय सांगू?"

"भाऊ, थोडा वेळ लागतो. पद्धत असते एक." हे मी म्हणाले. आता लिहिताना मला माझ्या त्या आवाजाची शिसारी येते.

त्या दिवशी मी पहिल्यांदा वाक्य साधं लिहिलं. हात आत होता. पुढे काही नाही, मागे काही नाही. साहेब काही कामाने मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या माझ्या तक्त्याकडे पाहिलं. मी 'वॉज' आणि 'इनसाइड' यांच्या मध्ये 'हार्डली' घातला. त्यांनी सांगितलं नव्हतं, मी घातला. मग भाऊंना वाचून दाखवलं, हात पूर्ण आत होता, प्रेस तिसऱ्यांदा असं करते आहे, बंद करा. ते म्हणाले, "हां, आता बरोबर लिहिलंत. असं कडक लिहा." आणि सही करून गेले.

त्यानंतरच्या आठवड्यात, सकाळच्या चहाच्या सुट्टीआधी, ते झालं. आमच्या केबिनच्या काचेतून प्रेसचा आवाज दिवसभर येत राहायचा, त्याची इतकी सवय झालेली की तो ऐकूच यायचा नाही. तो थांबला तेव्हा ऐकू आला. खाली माणसं धावत होती. मी काचेपर्यंत गेले आणि परत आले. दोन माणसांनी त्यांना धरून बाहेर नेलं, आणि कुणीतरी कापसाच्या चिंध्यांची अख्खी पिशवी त्यांच्या उजव्या हातावर दाबून धरली होती. भाऊ ओरडत नव्हते. चपला कुठे आहेत, असं काहीतरी विचारत होते.

उजव्या हाताची चार बोटं गेली.

फॉर्म मलाच भरायचा होता. 'कट ऑफ' लिहिलं आणि बोटं थांबली. सवयीने मी त्याच्या आधी काय बसेल ते शोधत होते, हे माझ्या लक्षात आलं. साहेब समोर येऊन बसले. त्यांचाही चेहरा पडला होता. पण म्हणाले, "ओन्ली फोर फिंगर्स लखो, बेन. अंगूठो तो बची गयो ने." मी लिहिलं. हेही मी लिहिलं.

हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी गेले. त्यांची बायको पलंगाच्या कडेला बसून त्यांना खिचडी भरवत होती. मला पाहून ती उठली आणि मला बसायला जागा दिली. भाऊंचा उजवा हात बँडेजमध्ये गुंडाळून उशीवर ठेवला होता. मी रडायला लागले. ते मलाच समजावत होते, रडू नका, नशिबात होतं. मग म्हणाले, "पण ताई, एक बरं झालं. तुम्ही तीनदा लिहून ठेवलंय. मराठीत लिहिलं असतं तर कुणी बघितलं नसतं. इंग्रजीत आहे म्हणून मानावं लागेल. माझी चूक म्हणता येणार नाही त्यांना."

चूक कुणाची यावर सगळं अवलंबून होतं. मशीनचा दोष ठरला तर कंपनीला त्यांना हलक्या कामावर ठेवावं लागणार होतं, स्टोअरमध्ये, गेटवर, कुठेही. त्यांचा निष्काळजीपणा ठरला तर काढून टाकणार होते. चौपन्न वर्षांचा माणूस, उजव्या हाताला फक्त अंगठा. दुसरीकडे कोण ठेवणार होतं?

बायको म्हणाली, "ताई, तुम्ही चौकशीत सांगाल ना?"

"चोक्कस," मी म्हणाले. 'नक्की'साठीचा त्यांच्या बोलण्यातला शब्द माझ्या तोंडून निघाला.

आणि मी सांगणार होते. चौकशीच्या आधी तीन दिवस मी मनात वाक्यं जुळवत होते. हे फॉर्ममधले शब्द त्यांचे नाहीत, माझे आहेत. त्यांनी मनगटापर्यंत म्हटलं होतं. जेमतेम मी घातलं. वाचून दाखवताना मी त्यांना दुसरंच ऐकवलं. चार वाक्यं होती, इंग्रजीत अगदी निर्दोष. प्रश्न एवढाच होता की ती मी कुणाच्या तरी समोर बसून म्हणणार की नाही.

चौकशीला कंपनीने बाहेरचे एक वकील नेमले होते. वयस्क, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे. एकेकाला आत बोलावत होते. भाऊ आणि त्यांची बायको बाहेर पॅसेजमधल्या बाकावर बसली होती. आत वकिलांच्या समोर माझे तीन हिरवे फॉर्म ओळीने मांडून ठेवले होते. बाजूला साहेब बसले होते, मान खाली घालून.

वकिलांनी इंग्रजीत विचारलं, हे फॉर्म तुम्ही भरले?

हो.

सहीच्या आधी कामगाराला वाचून दाखवले?

हो.

त्याच्या भाषेत?

हो, मराठीत.

ते थोडे मागे टेकले. "तुमचं इंग्रजी फार स्वच्छ आहे," ते म्हणाले. "यात कामगार स्वतः म्हणतो की हात जेमतेम आत होता. म्हणजे त्याला धोका माहीत होता आणि हात काढायला वेळही होता. बरोबर? हे त्याचंच म्हणणं आहे?"

माझी चार वाक्यं तोंडाशी आली होती. मला ती अजूनही पाठ आहेत. पण त्याच वेळी मला दिसलं की ती म्हटली की या खोलीतला अपराधी बदलणार. साहेबांनी काही लिहिलं नव्हतं. मेंटेनन्सवाल्याने काही लिहिलं नव्हतं. त्या तीन कागदांवर फक्त माझे शब्द होते. निजामपुऱ्यात हे कळणार, नवऱ्याला कळणार, मुलीच्या सासरी कळणार की मी खोटे कागद करते. मी भ्याले. दुसरं काही कारण नाही, आणि मी ते शोधणारही नाही.

"आय ओन्ली ट्रान्स्लेटेड," मी म्हणाले. मी फक्त भाषांतर केलं.

वकिलांनी ते लिहून घेतलं, थँक यू म्हणाले, आणि पुढच्या माणसाला पाठवायला सांगितलं. साहेबांनी एकदाच वर पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत मला जे दिसलं ते आभार होते. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी सहन केली असती.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. निष्काळजीपणा ठरला आणि त्यांना काढलं. ती प्रेस मात्र त्याआधीच चालू झाली होती, तिच्यावर दुसरा माणूस बसला होता. मी राजीनामा दिला, तब्येतीचं कारण देऊन. सोसायटीत कुणी पत्र लिहायला आणलं की डोळे दुखतात म्हणून परत पाठवते. वाडीत मी कधी गेले नाही. तिकडून येणारी रिक्षा दिसली तरी मी तोंड फिरवते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी दार लोटून बाहेर आले तेव्हा भाऊ बाकावरून उठून उभे राहिले. डाव्या हाताने त्यांनी भिंतीचा आधार घेतला होता. बायकोही उठली.

"ताई, सांगितलंत ना? हात कुठे होता ते?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. "सांगितलं," मी म्हणाले.

त्यांनी मोठा श्वास सोडला. बायकोकडे वळून म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं? आपल्या ताई आहेत आत." तिने वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि मी तिला लावू दिला.